जोतं जुनं, घर तिसरं : क्लिव्हडेनची वास्तू वाचताना

लंडनच्या पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर, टॅपलो गावाजवळ थेम्स नदीच्या काठी एक उंच कडा आहे. खडूसारख्या मऊ, पांढऱ्या चुनखडीचा. नदीपासून सुमारे ४० मीटर उंच. त्याच्या माथ्यावर क्लिव्हडेन हे घर उभं आहे. नावातच 'कडा' आणि 'दरी' असे दोन जुने इंग्रजी शब्द दडलेले आहेत. आज तिथे हॉटेल चालतं. घर आणि भोवतालची बाग-रान नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या मालकीचं आहे आणि तिकीट काढून कुणालाही बागेत फिरता येतं.

अशा घराला 'कंट्री हाउस' म्हणतात. खेड्यातलं घर असा त्याचा अर्थ घेतला तर फसगत होते. हजारो एकर जमीन, ती कसणारी कुळं, त्यांच्याकडून येणारा खंड आणि त्या पैशावर चालणारं राजकारण, या सगळ्याचं ठाणं म्हणजे कंट्री हाउस. मालकाचं लंडनमध्ये वेगळं घर असायचं. क्लिव्हडेन त्या मानाने थोडं निराळं. ज्या ड्यूक ऑफ सदरलँडने आजची इमारत बांधली त्याच्या जमिनी स्कॉटलंडमध्ये आणि स्टॅफर्डशरमध्ये होत्या; लंडनच्या जवळ असलेलं हे त्याचं विसाव्याचं आणि पाहुण्यांना बोलावण्याचं घर होतं. पैसा दुसरीकडे उगवायचा आणि इथे खर्च व्हायचा.

अशा घराचं हॉटेल झालं की अनेकांना हळहळ वाटते. मला ती तितकीशी वाटत नाही. जुन्या घरांच्या दुरुस्तीत ज्यांनी थोडंफार लक्ष घातलंय त्यांना ठाऊक असतं की घर कशासाठी बांधलं हे त्याच्या नकाशात लिहिलेलं असतं. क्लिव्हडेनचा नकाशा सांगतो की हे घर पहिल्यापासून पाहुण्यांसाठी होतं. गाडी थांबायची जागा, पाहुण्याला भारावून टाकणारा दिवाणखाना, वरच्या मजल्यांवर ओळीने झोपायच्या खोल्या, आणि हे सगळं चालवणारी पण नजरेआड राहणारी माणसं. हॉटेलला लागतं ते जवळजवळ सगळं तिथे आधीच होतं. जे नव्हतं तिथेच खरी कसोटी लागली. ते कुठे आणि कसं, हे समजायला घर पायापासून वाचावं लागतं.

जोतं

उत्तरेकडून गाडीरस्त्याने आलात तर घर सपाट जमिनीवर उभं असल्यासारखं दिसतं. दक्षिणेला, बागेच्या बाजूने उभं राहिलात की चित्र बदलतं. घराच्या खाली विटांची एक प्रचंड कमानदार भिंत आहे : सुमारे ४०० फूट लांब, २० फूट उंच. घर या जोत्यावर बसलेलं आहे आणि जोतं घरापेक्षा जवळजवळ दोनशे वर्षांनी जुनं आहे.

ते बांधवून घेतलं दुसऱ्या ड्यूक ऑफ बकिंगहॅमने, १६६० नंतरच्या काळात. वास्तुकार विल्यम विंड. कड्याच्या माथ्याला उतार होता आणि ड्यूकला नदीचं खोरं दिसेल अशी सपाट, रुंद गच्ची हवी होती. उतारावर सपाटी करायची तर एकीकडे टेकडी कापावी लागते, दुसरीकडे भराव घालावा लागतो, आणि भराव धरून ठेवायला भिंत लागते. पंचाईत अशी की मातीच्या भरावाला एक वाईट खोड असते. पावसात माती पाणी पिते, जड होते आणि भिंतीला बाहेर ढकलते. गवंडी म्हणतात 'भिंतीला पोट आलं', ते हेच. एकसंध सपाट भिंत हा दाब सोसते ती निव्वळ जाडीच्या जोरावर. कमानींची भिंत जास्त हुशारीने वागते. पुढे आलेले खांब आधारासारखे काम करतात, दोन खांबांमधली कमान वरचं वजन त्यांच्याकडे वळवते, आणि विटा कमी लागूनही भिंतीला खोली मिळते. शिवाय दुरून पाहताना घर हवेत उचलल्यासारखं वाटतं. ताकद आणि थाट दोन्ही एकाच कमानीतून साधायचं, हे मला विंडच्या कामातलं सर्वांत सुंदर वाटतं.

या रचनेला एक कायमचं दुखणं मात्र आहे. जी वर गच्ची ती खालच्या पोकळ्यांचं छप्पर. तिच्यावर माणसं चालतात, पाऊस पडतो, फरशांच्या सांध्यांतून पाणी आत उतरतं. ज्यांच्या घरावर गच्ची आहे त्या प्रत्येकाला ही गोष्ट वेगळी सांगायला नको. क्लिव्हडेनची गच्चीही गळत होती आणि नॅशनल ट्रस्टला अलीकडच्या वर्षांत तिच्या दुरुस्तीचं मोठं काम हाती घ्यावं लागलं.

बकिंगहॅमचं घर १७९५ मध्ये जळालं. बाजूचे दोन बुटके भाग, जे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस आर्चर या वास्तुकाराने वक्र मार्गिकांनी मुख्य घराला जोडले होते, ते तेवढे वाचले. पुढे जवळजवळ तीस वर्षं मधला भाग पडीकच राहिला. १८२४ मध्ये सर जॉर्ज वॉरेंडरसाठी विल्यम बर्नने दुसरं घर बांधलं. १८४९ मध्ये ते ड्यूक ऑफ सदरलँडने विकत घेतलं आणि त्याच वर्षी तेही आगीत गेलं. आज दिसतं ते तिसरं घर. जोतं मात्र तेच राहिलं. विटांना आगीचं भय कमी आणि इतकं मोठं जोतं सोडून दुसरीकडे बांधायला कुणाचं मन धजावणार? त्यामुळे तिसऱ्या घराची लांबी, त्याचं तोंड आणि त्याची नदीकडे पाहायची दिशा, हे सगळं पहिल्या घराने ठरवून ठेवलेलं होतं.

बॅरीचं घर

सदरलँडने काम दिलं चार्ल्स बॅरीला. लंडनच्या पार्लमेंटची इमारत ज्याची, तोच बॅरी. त्या वेळी पार्लमेंटचं बांधकाम चालूच होतं. पार्लमेंट गॉथिक पद्धतीची आहे : टोकदार कमानी, आभाळात घुसणारे सुळके, उभ्या रेषांचा सोस. क्लिव्हडेन नेमकं उलट. इथे सगळ्या रेषा आडव्या. अर्धगोल किंवा सरळ माथ्याच्या खिडक्या, मजल्यामजल्यावर फिरणाऱ्या पट्ट्या, माथ्यावर पुढे आलेली जाड कंगणी आणि तिच्यावर कठडा. सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या श्रीमंतांच्या घरांवरून घेतलेली ही पद्धत 'इटालियनेट' म्हणून ओळखली जाते आणि इंग्लंडमध्ये ती रुजवणाऱ्यांत बॅरी अग्रभागी होता.

इटालियनेट ओळखायची सोपी खूण सांगतो. घराच्या दर्शनी भागाचे खण मोजा. वाड्याचे खण आपण मोजतो तसेच : दोन खांबांमधला किंवा दोन खिडक्यांमधला एक भाग तो एक खण. इटालियनेट घरात खण सारख्या मापाचे, मधल्या रेषेच्या डावी-उजवीकडे तंतोतंत जुळणारे, आणि छप्पर दिसतच नाही. उतरतं छप्पर दाखवणं हे या पद्धतीत कमीपणाचं. क्लिव्हडेनचं छप्पर सपाटसर आहे, कठड्यामागे लपलेलं, आणि त्यावर फिरता यावं अशीच त्याची आखणी होती. तिथून झाडांच्या शेंड्यांवरून थेट विंडसरचा किल्ला दिसतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही पद्धत परकी नाही. मुंबईत गॉथिकचं राज्य, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा त्याचा मेरुमणी. पण पुण्यात गणेशखिंडीला गव्हर्नरसाठी जो प्रासाद बांधला, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, तो इटालियनेट घराण्यातला. १८६४ मध्ये काम सुरू झालं, १८७१ मध्ये संपलं, वास्तुकार जेम्स ट्रबशॉ, आणि नमुना होता वाइट बेटावरचं ऑसबोर्न हाउस. राणी व्हिक्टोरियाचं ते सुट्टीचं घर १८४५ ते १८५१ या काळात उभं राहिलं. क्लिव्हडेन पुरं झालं तेही १८५१ मध्येच. विद्यापीठाच्या त्या उंच मनोऱ्याखाली उभं राहून ज्यांनी प्रवेशअर्जाच्या रांगेत दुपार काढली असेल, त्यांनी क्लिव्हडेनचा चुलतभाऊ पाहिलेला आहे. तिथेही राहण्याच्या वास्तूचं रूपांतर झालं, फक्त हॉटेलऐवजी विद्यापीठात.

आता भिंतींकडे. दुरून त्या घडीव दगडाच्या वाटतात. प्रत्यक्षात वर गिलावा आहे, 'रोमन सिमेंट'चा. नाव ऐकून रोमन साम्राज्य आठवतं, पण त्याचा रोमशी संबंध नाही. जेम्स पार्कर नावाच्या इंग्रजाने १७९६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. थेम्सच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर चुनखडी आणि चिकणमाती एकत्र असलेले गोटे मिळतात. ते भाजून दळले की तपकिरी पूड मिळते. पाणी घातलं की ती काही मिनिटांत धरते, आणि ओल्यातही धरते. आपल्याकडच्या चुन्याच्या गिलाव्याला दिवसेंदिवस ओलावा द्यावा लागतो, मळणीपासून घोटाईपर्यंत धीर लागतो. रोमन सिमेंटच्या गवंड्याला धीर धरून चालायचंच नाही. थोडासाच माल कालवायचा आणि हात झपाझप चालवायचा. पावसाळी हवेच्या इंग्लंडला हा माल मानवला. ओल्या गिलाव्यात रेघा मारून दगडाच्या सांध्यांचा भास आणता येई. कठड्याचे गोल खांब, खांबांचे माथे, कमानीच्या माथ्यावरचे कळीचे दगड हे क्लिव्हडेनला भाजलेल्या मातीचे, म्हणजे टेराकोटाचे आहेत. एकदा साचा केला की त्यातून शेकडो नग निघतात.

काहींना हे ऐकून घर नकली वाटतं. मला तसं वाटत नाही. बॅरीला जुन्या जोत्यावर दोनेक वर्षांत राजवाड्याच्या तोलाचं घर उभं करायचं होतं आणि त्याने आपल्या काळातलं तंत्र वापरलं. काम इतकं मनासारखं झालं की कठड्याखाली घराच्या चारी अंगांनी फिरणारा लॅटिन मजकूर कोरला गेला. तो लिहिला पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनने. पश्चिमेच्या अंगावर त्यात वास्तुकार म्हणून बॅरीचं नाव आहे आणि १८५१ हे साल, रोमन आकड्यांत. वास्तुकाराचं नाव घराच्या कपाळावर लिहिणारे मालक थोडे.

आतलं घर कुणाचं?

बाहेर बॅरीचं नाव, पण आत शिरलात की बॅरी सापडत नाही. १८९३ मध्ये घर विकत घेतलं विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर या अमेरिकन कोट्यधीशाने आणि त्याने जॉन लवबरो पिअर्सनला बोलावलं. पिअर्सन मुख्यतः चर्चं बांधणारा. कॉर्नवॉलमधलं ट्रुरोचं कॅथीड्रल त्याचं. बॅरीने प्रवेशाला चौकोनी दालन, सकाळी बसायची खोली आणि जिन्याचं वेगळं दालन दिलं होतं. पिअर्सनने मधल्या भिंती काढल्या आणि तिन्हींचा मिळून एकच मोठा दिवाणखाना केला. ओक लाकडाने मढवलेल्या भिंती, खांब, कोरीव फुलांच्या माळा, आणि एका टोकाला फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात पाडल्या जाणाऱ्या एका प्रासादातून आणलेली सोळाव्या शतकातली दगडी शेकोटी.

हा बदल किती मोठा आहे ते पाहा. बॅरीच्या घरात पाहुणा आधी देवडीसारख्या जागेत थांबायचा, मग पुढे जायचा. पिअर्सनच्या घरात दार उघडताच तो घराच्या काळजात. बसायला कोच, शेकोटी, समोर जिना. हॉटेलच्या लॉबीची कल्पना याहून वेगळी काय असते? ज्यांनी १९८०च्या दशकात इथे हॉटेल थाटलं त्यांना लॉबी बांधावीच लागली नाही.

जिन्याच्या कठड्याच्या जाड खांबांवर घराच्या आधीच्या मालकांच्या लाकडी मूर्ती कोरलेल्या आहेत. पहिल्या घराचा बकिंगहॅम आहे, अठराव्या शतकातला ऑर्कनीचा उमराव आहे. नव्या मालकाने, तोही परदेशातून आलेल्या, जुन्या मालकांना आपल्या जिन्यावर उभं करावं, यात घराशी नातं जोडायची धडपड दिसते आणि ती मला हृद्य वाटते.

जेवणघराची गोष्ट आणखी विलक्षण. पॅरिसजवळ आस्निएरला एक प्रासाद होता, तिथे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई आणि त्याची प्रेयसी मादाम द पाँपादूर यांचा शिकारीच्या निमित्ताने मुक्काम असायचा. तिथल्या एका खोलीच्या भिंतींचं कोरीव लाकडी मढवण १८९७ मध्ये पॅरिसमध्ये विकायला आलं. क्लिव्हडेनच्या खोलीचं माप आणि त्या मढवणाचं माप जुळतंय हे ॲस्टरच्या ध्यानात आलं. सगळं सोडवून, पेट्यांत भरून आणलं आणि इथे बसवलं. ससे, शिकारी कुत्रे, पानाफुलांच्या वेली, सोनेरी मुलामा. खोली इंग्लंडमधली, कातडी फ्रान्सची.

बागेतही ॲस्टरने तेच केलं. रोमच्या व्हिला बोर्गेझेमधला सुमारे १६१९ सालचा दगडी कठडा त्याने १८९६ मध्ये विकत घेतला आणि गच्चीच्या पायथ्याशी बसवला. हा कठडा जवळून पाहण्यासारखा आहे. ट्रॅव्हर्टीन नावाचा इटालियन दगड, अंगाला स्पंजासारखी भोकं असलेला. २००४ मध्ये तिथल्या शिल्पांची साफसफाई करणाऱ्या स्वयंसेवकांना या कठड्यावर एक इवलीशी गोगलगाय दिसली. लांबट, निमुळता शंख, जेमतेम ११ मिलिमीटर. ती भूमध्य सागराच्या प्रदेशातली निघाली. कठड्याच्या भोकांत बसून ती रोमहून आली असणार आणि शंभरहून अधिक वर्षं कुणाच्या नजरेस न पडता तिने इथे संसार थाटला. दगड हलवला की त्याच्याबरोबर काय काय हलतं याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

न दिसणारं अर्धं घर

आतापर्यंत सांगितलं ते पाहुण्याच्या वाटेवरचं. व्हिक्टोरियन काळातल्या मोठ्या घरात दुसरी एक वाट असते आणि हॉटेल चालतं ते तिच्या जीवावर.

घरातले आणि नोकर यांची गाठ शक्यतो पडू नये असा त्या काळच्या आखणीचा नियम होता. म्हणून मागचा वेगळा जिना, वेगळे बोळ, भिंतीच्या मढवणात बेमालूम मिसळलेली दारं. आपल्या वाड्यांतही परसदाराची वाट वेगळी असते, पण तिथे ती अंगणाच्या कडेने जाते, डोळ्यांना दिसते. इंग्रजी घरात ती भिंतींच्या आतून जाते. स्वयंपाकघर मुद्दाम लांब, कारण वास नको आणि आगीची भीती. परिणाम असा की ताट टेबलावर येईपर्यंत निवायचं. कोळसा वर न्यायचा, राख खाली आणायची, आंघोळीचं गरम पाणी बादल्यांनी खोलीखोलीत पोचवायचं, आणि हे सगळं करणारं माणूस कुणाला दिसायचं नाही. त्या श्रमांची नोंद घरात कुठेही कोरलेली नाही. लॅटिन मजकूर आहे तो मालकांचा आणि बॅरीचा.

आज त्याच प्रकारच्या वाटांनी हॉटेलांत चादरी आणि चहाचे ट्रे फिरतात. आधुनिक हॉटेल बांधताना वास्तुकाराला ही दुहेरी व्यवस्था मुद्दाम आखावी लागते; जुन्या घरात ती आयती मिळते.

पाण्याची व्यवस्था मात्र क्लिव्हडेनला लपलेली नाही, ती शंभर फूट उंच आहे. घराच्या पश्चिमेला सोनेरी झाक असलेला घड्याळाचा मनोरा दिसतो, तो १८६१ मध्ये हेन्री क्लटनने बांधलेला पाण्याचा मनोरा. आपल्या इमारतींच्या गच्चीवर टाकी असते त्याच कारणाने : टाकी नळापेक्षा जितकी उंच तितका नळाला जोर. घरच्या गच्चीवर टाकी ठेवली असती तर बॅरीची आडवी रेषा बिघडली असती. म्हणून टाकीला वेगळी इमारत दिली, इमारतीला घड्याळ दिलं, माथ्यावर पुतळा दिला.

घर हातचं का गेलं

अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात गहू पिकू लागला, आगगाडीने बंदरात आणि आगबोटीने इंग्लंडला येऊ लागला, तेव्हा १८७० नंतर इंग्लंडमधल्या शेतमालाचे भाव कोसळले आणि जमिनीचा खंडही. १८९४ मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेवर सरसकट कर बसला. सुरुवातीला त्याचा सर्वांत वरचा दर ८ टक्के होता, १९४९ पर्यंत तो ८० टक्क्यांवर गेला. लागोपाठ दोन वारस वारले की घराणं संपलंच. महायुद्धांनंतर नोकरही मिळेनात. कारखान्यात आणि कचेरीत बरा पगार मिळत असताना मागच्या जिन्याने कोळसा कोण वाहणार? विसाव्या शतकात अशी हजाराहून जास्त घरं पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयाने त्या पाडापाडीवर प्रदर्शन भरवलं तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले.

क्लिव्हडेन वाचलं कारण विकत घेणाऱ्याचा मुलगा, त्याचंही नाव वॉल्डॉर्फ ॲस्टर, याने वेळीच ते नॅशनल ट्रस्टला दिलं. साल १९४२, सोबत देखभालीसाठी अडीच लाख पौंड. त्याची बायको नॅन्सी १९१९ मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभागृहात बसणारी पहिली स्त्री. तिच्या काळात चर्चिल, चॅप्लिन, शॉ असे पाहुणे इथे येऊन राहत. कुटुंबाला राहायची मुभा होती, पण १९६६ मध्ये पुढच्या वारसाचा मृत्यू झाल्यावर ते बाहेर पडलं. १९६९ ते १९८३ इथे अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचं केंद्र होतं, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर हॉटेल आलं. मालकी ट्रस्टचीच, हॉटेल भाडेपट्ट्यावर.

क्लिव्हडेन ज्या बकिंगहॅमशर परगण्यात आहे तिथेच स्टोक पार्क नावाचं अठराव्या शतकाच्या अखेरचं असंच एक घर आहे, वास्तुकार जेम्स वायट. तेही पुढे क्लब आणि हॉटेल झालं, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या रिलायन्सने ते ५ कोटी ७० लाख पौंडांना घेतलं.

रूपांतराची खरी परीक्षा

जे आधी नव्हतं त्याबद्दल सांगायचं राहिलं. पहिलं म्हणजे न्हाणीघर. १८५१च्या घरात झोपायच्या खोल्या भरपूर आणि न्हाणीघरं नाहीत म्हटलं तरी चालेल, कारण टब खोलीत यायचा. हॉटेलच्या पाहुण्याला खोलीला लागून न्हाणीघर हवंच. अशा घरांत सहसा उपयोगी पडते ती कपडे करायची खोली. मोठ्या शयनगृहाला लागून मालकाची आणि मालकिणीची अशी एकेक छोटी खोली असायची. तिथे टब बसतो. अवघड असतो तो नळ. सांडपाण्याचा नळ जाड असतो, त्याला ढाळ लागतो, तो खाली जायला वाट मागतो, आणि खालच्या मजल्यावर कोरीव छत असतं. त्यामुळे नळ न्यायचा तो मागच्या जिन्याच्या, सामान वर न्यायच्या उभ्या पोकळीच्या किंवा बंद पडलेल्या धुराड्याच्या पोटातून. मागचं घर पुन्हा एकदा पुढच्या घराच्या मदतीला येतं.

दुसरं म्हणजे आगीपासून बचाव. दोनदा जळालेल्या जागी हा विषय पुस्तकी राहत नाही. मोकळा लाकडी जिना दिसायला देखणा, पण आगीत तो धुराड्याचं काम करतो : खालचा धूर क्षणात वरच्या खोल्यांत. ब्रिटनमध्ये १९७१ च्या कायद्यानंतर हॉटेलांना आगीपासून संरक्षणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागू लागलं. मग जुन्या दारांमागे आगीला अर्धा तास थोपवणारे थर, दाराच्या कडेला उष्णतेने फुगून फट बुजवणारी पट्टी, मजल्यांमध्ये धूर अडवणारे पडदे, असे न दिसणारे उपाय करायचे.

आणि हे सगळं कायद्याच्या चौकटीत. क्लिव्हडेन 'ग्रेड वन' यादीत आहे. इंग्लंडमधल्या संरक्षित इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के या वर्गात येतात. परवानगीशिवाय आतलं दारसुद्धा हलवता येत नाही. कामाचा मुख्य दंडक असा की नवं घातलेलं पुढच्या पिढीला जुन्याला धक्का न लावता काढता आलं पाहिजे. न्हाणीघराची नवी भिंत जुन्या कंगणीला भिडते तिथे कंगणी कापायची नसते. नव्या भिंतीचीच कड कंगणीच्या वळणाप्रमाणे, पान कातरावं तशी कातरायची. दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. ते करणारा सुतार मला वास्तुकाराइतकाच मोठा वाटतो.

घराचं खरं वय कळतं ते छपरावर आणि खिडक्यांत. छपरावर शिशाचे पत्रे आहेत, १९८४ ते १९८६ या काळात ट्रस्टने ते नव्याने घातले. शिसं उन्हाने पसरतं, पण गार झाल्यावर पूर्ण आकसत नाही; दर ऋतूत थोडं सरकतं आणि शेवटी तडकतं. म्हणून मोठा अखंड पत्रा घालत नाहीत. छोटे तुकडे, त्यांच्या कडा लाकडी गोल पट्ट्यांवर मुडपून बसवलेल्या, म्हणजे प्रत्येक तुकड्याला हलायला मोकळीक. खिडक्या खाली-वर सरकणाऱ्या. दोन चौकटी एकमेकींच्या मागे-पुढे, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना दोरी, दोरी कप्पीवरून जाते आणि चौकटीच्या पोकळ खांबात लोखंडी वजन लटकतं. काच आणि लाकूड मिळून जेवढं वजन, तेवढंच आतलं, म्हणून बोटाने ढकललं तरी खिडकी वर जाते आणि सोडली तिथे थांबते. अशा सुमारे ३०० खिडक्या २०१३च्या कामात दुरुस्त झाल्या. त्यांतल्या प्रत्येकीचा रंग खरवडायचा, कुजलेला तुकडा तेवढाच काढून नवा जोडायचा, दोरी बदलायची, वजन पुन्हा तोलायचं.

जायचा योग आला तर हॉटेलात उतरायलाच हवं असं नाही. बागेचं तिकीट पुरतं, आणि ठरावीक दिवशी घरातल्या काही खोल्याही दाखवतात. बहुतेक लोक उत्तरेच्या दारासमोर फोटो काढतात. तुम्ही दक्षिणेला उतरा, चार एकरांच्या त्या आखीव फुलबागेत पार टोकापर्यंत जा आणि मग मागे वळा. सगळ्यात वर बॅरीचा कठडा, मधे खिडक्यांच्या ओळी, खाली रोमचा कठडा, आणि त्यामागे लाल विटांच्या कमानी, ज्यांच्यावर तीन घरं उभी राहिली आणि त्यांतली दोन जळाली.